फुकटचा आरसा

रविवारी त्या सलूनमध्ये निव्वळ दाढी करून घ्यायला जाणारा माणूस भाबडाच म्हणायचा. लोक जायचे ते सामना बघायला. दाढी हे निमित्त. दुकान ते केवढं! दोन खुर्च्या, एक लांब बाक आणि कोपऱ्यात छताला टेकवून बसवलेला टीव्ही. तो बघायला मान वर करावी लागायची. दादा म्हणायचा, "बरंय, गळा आयताच मिळतो."

दादा म्हणजे दुकानाचा मालक. गल्लीतले लहानथोर त्याला दादाच म्हणत, त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा असलेला निवृत्त पोस्टमनसुद्धा. दुसऱ्या खुर्चीवर त्याचा धाकटा भाऊ, बारक्या. लहानपणी काडीसारखा होता म्हणून चिकटलेलं नाव. पुढे दाराच्या चौकटीला डोकं आपटेल एवढा वाढला, तरी नाव काही सुटलं नाही. दादानंच त्याला फुगवलेल्या फुग्यावर फेस लावून वस्तरा धरायला शिकवलं होतं. शिकवणाऱ्याचा हात चांगला होता, पण शिकणाऱ्याचा त्याहून सरस निघाला. बारक्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक झोपी जायचं आणि त्याला उठवणं हे दादाचं काम.

पैजा तेव्हाही लागायच्या. पण मिशीच्या. शिंपी आणि पोस्टमन या बाबतीत हाडवैरी. आपला संघ हरला की हरणाऱ्यानं बारक्याच्या खुर्चीत बसायचं आणि सगळ्यांच्या देखत मिशी उतरवून घ्यायची. बारक्या आधी मिशीला तेल लावायचा, कंगवा फिरवायचा, "शेवटची इच्छा?" म्हणून विचारायचा. बाकावर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पोस्टमन पहिल्यांदा हरून घरी गेला तेव्हा बायकोनं दार अर्धवट उघडून सांगितलं, "ते घरी नाहीत." ही गोष्ट पुढे पाच वर्षं त्या दुकानात पुरली. मिशी काय, महिन्याभरात परत उगवायची.

दादाला आजही ते रविवार आठवतात. साबणाचा, तुरटीचा, ओल्या टॉवेलांचा वास. विकेट पडली की उठणारा गलका. तो ऐकून समोरची बेकरीवाली हातातलं काम टाकून रस्ता ओलांडून यायची, "कोण गेला? कोण गेला?" करत. अटीतटीच्या सामन्यात दादा कित्येकदा अर्धा गाल तसाच ठेवून टीव्हीकडे बघत राहिला होता, आणि अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही त्याच्याबरोबर उभं राहून ओरडलं होतं.

एका उन्हाळ्यात एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, काखेत कागद आणि तोंडात साखर.

"दादा, आरसा जुना झालाय तुमचा."

खोटं नव्हतं. पारा उडाला होता, आणि धडधाकट माणसाच्या गालावरही आरशात डाग दिसायचे.

"आम्ही नवा देतो. भिंतभर. भोवती दिवे. बसवणं आमच्याकडे."

"आणि मी काय द्यायचं?"

"काही नाही. नुसता राहू द्यायचा. वर्षभर."

फुकट ते पौष्टिक. दादानं सही केली. दोन दिवसांत आरसा लागला. दुकान एकदम मोठं दिसायला लागलं. आरशाच्या माथ्यावर सोनेरी अक्षरांत एका ॲपचं नाव होतं आणि त्याखाली, 'खेळ कळतो ना? मग जिंकून दाखवा!' खालच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. त्यावर फोन धरला की झालं, पहिला डाव कंपनीच्या खर्चानं.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, नवलाई बघायला आली. आरशासमोर उभी राहून पदर सारखा केला आणि म्हणाली, "छान आहे. पण यात माझ्यापेक्षा अक्षरंच जास्त दिसतात."

तोवर टीव्हीवरही तेच सुरू झालं होतं. दर ओव्हरनंतर तेच ॲप. ज्याच्या फटक्यावर सगळं दुकान उभं राहायचं तो लाडका खेळाडूच हसत हसत सांगायचा, डोकं लावा, पैसे कमवा. शेवटी कुणीतरी एका दमात पुटपुटायचं की सवय लागू शकते, जोखीम आहे, जबाबदारीनं खेळा. पोस्टमन म्हणायचा, "याची कुठली गाडी सुटतेय?" सगळे हसायचे. दादाही हसायचा.

काय बदललं ते दादाच्या लक्षात आलं त्या दिवशी दुकान भरलेलं होतं. बाकावर जागा नव्हती, दोघं-तिघं दारात उभे. दादा एका गिऱ्हाइकाचं डोकं धूत होता, त्यामुळे सामन्याचा शेवट चुकला. टॉवेल झटकत तो वळला आणि विचारलं, "कोण जिंकलं रे?"

सगळ्यांच्या माना खाली. शिंपी फोन हातात धरून नुसता बसला होता. बेकरीवालीचा नवरा अंगठ्यानं काहीतरी वर सरकवत होता. शेवटी कुणीतरी वर बघितलं, पण तोवर टीव्हीवर जाहिरात लागली होती. पुढचा चेंडू वाइड पडेल का, या ओव्हरमध्ये किती होतील, यावर प्रत्येकाचे पैसे लागलेले होते. सामना कोण जिंकलं हे त्या भरलेल्या दुकानात एकालाही सांगता येईना.

बारक्या त्यांच्यातलाच एक होता. किंबहुना सगळ्यांच्या पुढे. कारण खेळ त्याला खरोखरच कळायचा. आरशावरचा प्रश्न जणू त्यालाच विचारलेला होता, आणि तो दिवसाचे दहा तास त्या प्रश्नासमोर उभा असायचा.

सुरुवातीला जिंकलासुद्धा. लेकीला बूट आणले, दुकानाला नवं ट्रिमर आणलं. "बघ दादा, डोक्याचा खेळ आहे." मग डोकं जास्त चालायला लागलं. आपले सामने संपले की परदेशातले. ते संपले की कुठल्याशा देशातलं टेबल टेनिस, ज्यातल्या खेळाडूंची नावंही त्याला उच्चारता यायची नाहीत. कुठे जावं लागत नव्हतं, कुणाला तोंड दाखवावं लागत नव्हतं. एका गालाचा फेस काढला की दुसऱ्या गालाला वस्तरा लावेपर्यंत एक डाव व्हायचा. आता त्याच्या खुर्चीत कुणी झोपेना. एकदा शिंप्याच्या कानाखाली चांगलंच कापलं. पांढऱ्या टॉवेलवर लाल डाग पसरला. शिंपी तुरटी दाबत म्हणाला, "असू दे, असू दे." एरवी त्यानं दुकान डोक्यावर घेतलं असतं. पण त्या क्षणी त्याचीही एक नजर फोनवरच होती.

आणि एका दुपारी धाकटी दुकानात आली. बारक्याची बायको. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण दुकानाची पायरी ती कधी चढली नव्हती. बारक्या जेवायला म्हणून बाहेर पडला होता.

"दादा, माझं शिवणयंत्र कुठल्या दुकानात टाकलंय दुरुस्तीला?"

"मला काय ठाऊक? बिघडलंय का?"

"बिघडलं नव्हतंच. तीन आठवडे झाले. ते म्हणतात, सुटा भाग मिळत नाही." ती उभीच होती. तिनं आरशाकडे बघितलं, वरच्या सोनेरी अक्षरांकडे. "इथेच शिकले ना ते?"



बारक्या परत आल्यावर दादानं दार लोटून घेतलं. "यंत्र विकलंस?"

"परत आणणार आहे. या हंगामात सगळं वसूल होतं बघ."

"बारक्या, जुगार आहे हा."

"जुगार नाही." बारक्याचा आवाज चढला. "जुगार असता तर तू भिंतीवर लावला असतास? वाच की. गेलं वर्षभर तूच येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला देतोयस."

 

दुसऱ्या दिवशी दादानं पेचकस घेतला आणि एकेक स्क्रू काढत आरसा उतरवला. मागे भिंतीचा जुना रंग होता, जागोजागी पोपडे आलेला. गोडबोल्या माणूस दोन दिवसांत हजर.

"दादा, वर्ष संपायला अजून वीस दिवस आहेत. आणि राग कसला? आम्ही कुणाचा हात धरून खेळायला लावतो का?"

"हात नाही, मान धरता," दादा म्हणाला. "माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गळ्यावर वस्तरा असतो. त्याला मान हलवता येत नाही. समोर असेल तेच बघावं लागतं. हे हेरूनच तुम्ही आरसा दिलात. उचला तो."

माणसानं आरसा टेम्पोत घातला आणि चौकातल्या दुसऱ्या सलूनमध्ये नेऊन लावला. त्याच आठवड्यात बारक्याही तिकडे कामाला लागला. आरसा उतरवून मोठ्या भावानं चारचौघांत आपली लाज काढली, असं तो म्हणाला. दादाही हट्टाला पेटला. सहा महिने भाऊ भावाशी बोलला नाही. धाकटी मुलीला घेऊन माहेरी गेली. ते दादाला बेकरीवालीकडून कळलं.

पावसाळा सरून थंडी पडायला लागली होती. दादा सकाळी दुकान उघडून झाडत होता. बारक्या आला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"दादा, दाढी कर."

दादानं टॉवेल बांधला. ब्रश फिरवला. या गालावर त्याचा हात कधी चालला नव्हता. बारक्या आपली दाढी आपणच करायचा. पहिला हात फिरवून झाला आणि बारक्या डोळे मिटून बोलायला लागला.

"आज माझा वाढदिवस."

दादाचा वस्तरा थांबला. तो विसरला होता.

"सकाळी सहाला मेसेज आला. म्हटलं, हिचा असेल. नाही. ॲपवाल्यांचा होता. 'तुमची आठवण येते', म्हणाले. खातं बंद केलं होतं रे मी, दोनदा. दुसऱ्या नंबरावरून येतात."

"काय दिलं त्यांनी?"

"पाचशेचा डाव. फुकट."

"मग?"

"सहा वाजून पाच मिनिटांनी संपला." त्याच्या बंद डोळ्यांतून पाणी आलं आणि फेसात उतरलं. "मग खिशातले घातले. मग तिकडचं दुकान उघडून मालकाच्या गल्ल्यातले. दादा, मला आता सामना दिसतच नाही. चेंडू टाकला की मला आकडाच दिसतो. मला किती आवडायचं रे ते, आठवतं ना तुला?"

दादाला आठवत होतं. त्यानं सावकाश दुसरा गाल पुरा केला, तुरटी फिरवली, थंड टॉवेल चेहऱ्यावर दाबून धरला आणि थोडा वेळ धरूनच ठेवला. बारक्यानं खिशातून फोन काढून फणीशेजारी ठेवला.

"हा तुझ्याजवळ ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस. मी रडलो तरी देऊ नकोस."

तिकडच्या मालकाच्या गल्ल्यातले दादानं त्याच दिवशी जाऊन भरले, आणि बारक्या पुन्हा आपल्या जुन्या खुर्चीमागे उभा राहिला. सरकारी दवाखान्यात वरच्या मजल्यावर एक डॉक्टरीणबाई अशा लोकांना भेटत. दादा दर बुधवारी दुकान बंद ठेवून भावाबरोबर जायचा. बाहेरच्या बाकावर बसलेल्यांत त्याला आपल्याच दुकानातली दोन गिऱ्हाइकं भेटली. तिघांनी एकमेकांना ओळखलं आणि भिंतीवरचं घड्याळ बघत बसले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की वेळ लागेल, घसरेल, पुन्हा उठवावं लागेल, आणि सामने मात्र बघायचे नाहीत. दादानं टीव्ही उतरवून बेकरीवालीला देऊन टाकला.

बारक्या मध्ये एकदा घसरला. गिऱ्हाइकाचा फोन मागून घेतला, घरी फोन करायचाय म्हणून. नंतर त्यानं स्वतःच येऊन सांगितलं. तो दादाच्या अंगणातल्या पायरीवर बसून राहिला होता आणि वहिनीनं त्याला जेवायला बसवलं होतं, एवढंच. त्यानंतर साधा बटणांचा फोन. साताठ महिन्यांनी धाकटी परत आली. मुलगी आधी दारातच थांबली, मग बापाच्या मांडीवर चढली. नवं शिवणयंत्र धाकटीनं स्वतःच्या कमाईतून घेतलं, आणि त्या खोलीची किल्ली कमरेला लावते. बारक्या त्याबद्दल काही म्हणत नाही.

रविवार आता शांत असतात. गिऱ्हाईक येतं, दाढी करून जातं. समोरच्या इमारतीवर त्याच ॲपचा दोन मजली फलक लागलाय, म्हणून बारक्यानं आपली खुर्ची आतल्या बाजूला फिरवून घेतलीय. शिंपी हल्ली दिसत नाही. दुकान विकून मुलाकडे गेला म्हणतात. का, ते कुणी विचारत नाही. पोस्टमन मात्र येतो. काठी टेकत येतो, बाकावर बसतो.

परवाच्या रविवारी त्याला काय आठवलं कोण जाणे, म्हणाला, "दादा, तो सामना आठवतो का? शेवटच्या ओव्हरला वीज गेली होती बघ, आणि आपण बेकरीच्या रेडिओवर ऐकला."

दादानं चटकन भावाकडे बघितलं. बारक्या वस्तरा पट्ट्यावर घासत होता. हात थांबला.

"सहा चेंडूत अकरा हव्या होत्या," पोस्टमन म्हणाला.

"नऊ," बारक्या म्हणाला.

"अकरा!"

"नऊ, काका. पहिल्या चेंडूवर दोघं धावले, त्यातला एक धावबाद होता होता वाचला. तुम्ही तेव्हा रस्त्यातच होता. तुमची एक चप्पल गटारात गेली होती."

पोस्टमननं कपाळावर हात मारला. दादाला हसू आवरेना. काही तरी सुचून तो स्वतःशीच थबकला. हा सामना कधीच होऊन गेलाय. यावर कुणाला काही लावता येणार नाही. बारक्या वस्तरा खाली ठेवून उभा राहिला आणि गोलंदाजानं कशी धाव घेतली ते दाखवायला लागला. दोन खुर्च्यांच्या मधून दारापर्यंत गेला आणि धावत आला, डोकं चौकटीला लागता लागता राहिलं. खुर्चीतलं गिऱ्हाईक, नवा पोरगेला मास्तर, तोंडाला फेस तसाच ठेवून वळून बघत होता.

दारात धाकटी उभी होती. "जेवायला येताय ना? पानं वाढलीत."

"आलोच," बारक्या म्हणाला. "एवढी ओव्हर होऊ दे. चार चेंडू राहिलेत."

धाकटीनं दादाकडे बघितलं. दादानं 'होऊ दे' अशी मान हलवली. मग ती आत आली आणि बाकावर पोस्टमनच्या शेजारी बसली.