गंगम्माच्या घरातला भाडेकरू

सुरुवातीला लोक तंबूत यायचे, पडद्यावरचं हलतं चित्र बघायचे आणि शेजारच्या स्टॉलवर कुकर कसा चालतो ते बघायला निघून जायचे. दुसऱ्या दिवशी परत कोणी यायचं नाही.

बासष्ट सालच्या त्या प्रदर्शनात रेडिओच्या कारखान्यानं टेलिव्हिजन मांडला होता. बंगळूरमध्ये तोवर ही वस्तू जवळजवळ कोणीच पाहिली नव्हती. स्टॉलच्या मागे फळ्या ठोकून एक खोली केली होती. तिथल्या कॅमेऱ्यापुढे जे घडेल ते केबलवरून बाहेर तंबूतल्या संचांवर दिसायचं. कॅमेऱ्यापुढे एक दिवस वीणावादन झालं, एक दिवस खतांवर भाषण झालं.

"चित्र स्वच्छ येतंय ना? मग झालं," विभागप्रमुख भगवंतराव म्हणाले.

"चित्र स्वच्छ आहे, साहेब. पण उद्या पुन्हा यावं असं त्यात काही नाही," उमाकांत म्हणाला.

उमाकांत पुण्याचा. कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागला, त्याला दोन वर्षं झाली होती. कॉलेजात असताना त्यानं एकांकिका लिहिल्या होत्या. त्यानं भगवंतरावांकडून रोजची दहा मिनिटं मागून घेतली आणि एक गोष्ट लिहायला घेतली. गंगम्मा नावाची विधवा एकटी राहते. तिच्या घरात रघुपती नावाचा गोडबोल्या भाडेकरू येतो. तिला आई म्हणतो, तिची औषधं आणतो आणि ती पाठमोरी झाली की तिच्या पितळी डब्यातला एकेक दागिना काढून घेतो. बघणाऱ्यांना सगळं दिसतं, गंगम्माला काहीच कळत नाही.

उमाकांतला कन्नड जेमतेम बाजारापुरतं येई. तो मराठीत लिहायचा आणि ते बोलणारी दोघं सीमाभागातली होती, ती त्याचं कन्नड करायची. गंगम्मा झाल्या होत्या कृष्णाबाई. बेळगावकडच्या एका फिरत्या नाटक कंपनीत त्यांची उमर गेली होती आणि कंपनी बुडाल्यावर त्या इथे भावाकडे राहत होत्या. रघुपती झाला होता देवाप्पा. तो निपाणीचा, कारखान्यात नकाशे काढणारा, इतका मऊ माणूस की कँटीनमध्ये चहा थंड आला तरी तसाच प्यायचा.

आठवड्याभरात तंबू पुरेना. बायका संध्याकाळचा स्वयंपाक लवकर उरकून येऊ लागल्या. आनेकलहून, देवनहळ्ळीहून बस पकडून माणसं यायची. देवाप्पाचा हात डब्याकडे गेला की तंबूतून "अम्मा, मागे बघ" असा गलका उठायचा, तो फळ्यांच्या आत ऐकू यायचा. कोणी गंगम्मासाठी मोगऱ्याचे गजरे ठेवून जायचं, कोणी सांधेदुखीचं तेल. उमाकांत हरखून गेला होता. चेहरा इतका जवळ दिसला आणि लोकांना पात्रापेक्षा जास्त ठाऊक असलं की ते बांधले जातात, असं तो भेटेल त्याला समजावून सांगायचा.

देवाप्पा मात्र वाळत चालला होता. शेवटचा भाग उद्यावर आला तेव्हा तो उमाकांतला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, रघुपतीला आजारी पाडा. गावाला घालवा. मला जमंना झालंय."

"का? काय झालं?"

"बस स्टॉपवर एक म्हातारा माझ्या पायापाशी थुंकला. घरमालकीण आमास्नी नळावर पाणी भरू देईना. बायको भाजीला बाहेर पडत नाही."

"लोक एवढे चिडतात म्हणजे तुम्ही काम उत्तम करताय, देवाप्पा."

"उत्तमाचं राहू द्या, सर. काल मागनं दगड आला. कानाजवळनं गेला."

उमाकांतनं देवाप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. "एकच दिवस. उद्या पोलीस रघुपतीला धरून नेतात, गोष्ट संपली. लोकांचा रागही संपेल. आता मध्येच सोडलं तर तंबू जाळतील."

देवाप्पानं मान हलवली. "सरी, बरं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गर्दी तंबूच्या बाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. दिल्लीचे कोणी मोठे अधिकारी यायचे होते म्हणून भगवंतराव त्यांच्यासाठी पुढच्या खुर्च्या राखून उभे होते. आत फळ्यांच्या खोलीत दिव्यांची धग मारत होती. रंगवलेल्या कापडाच्या भिंती, एक खाट, कोनाड्यात देव, त्याखाली पितळी डबा. कॅमेरा नेहमीप्रमाणे उमाकांतच चालवत होता.

खेळ सुरू झाला. गंगम्माला ताप आहे, ती खाटेवर पडली आहे. रघुपती तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवतो, मग डब्याशी जातो. आत एकच दागिना उरला आहे, तिचं मंगळसूत्र. देवाप्पानं झाकण उघडता उघडता मागच्या फळ्यांकडे पाहिलं. तो अभिनय नव्हता, हे उमाकांतला भिंगातून स्पष्ट दिसत होतं.

बाहेरचा गलका आज वेगळा होता. त्यात शब्द नव्हते, नुसता घुमारा होता. मग खुर्च्या पडल्याचा आवाज आला, कोणी तरी कन्नडमध्ये "इथेच आहे, मागे आहे" असं ओरडलं आणि पाठीमागच्या फळ्यांवर धडका बसू लागल्या.

"उमाकांत, बंद करा," कापडी भिंतीमागून भगवंतरावांचा दबका आवाज आला. "ऐकताय ना? कॅमेरा बंद करा, पोलिसांना बोलावलंय."

उमाकांतचा हात बटणावर गेला. त्याच क्षणी त्याच्या मनात आलं, बाहेर मंगळसूत्र चोरताना चोर दिसतो आहे आणि आता एकदम पडदे काळे झाले तर ही माणसं काय करतील? त्यानं हात मागे घेतला.

फळी निखळली. एक धिप्पाड माणूस हातात तंबूची काठीसारखी लांब खुंटी घेऊन आत शिरला, त्याच्यामागे आणखी दोघे. देवाप्पा हातात मंगळसूत्र धरून भिंतीला टेकला. भिंत कापडाची, ती मागे झुकली. तो पळू शकला असता, पण पळाला नाही.

माणूस दिव्यांच्या उजेडात आला आणि बाहेर सगळ्या संचांवर दिसू लागला. तंबूतला घुमारा एकाएकी थांबला. "अरे, हा आपला मुनियप्पा," असं कोणी तरी म्हणालं. मग तेही बंद.

मध्ये पडायचं तर उमाकांतला कॅमेरा सोडावा लागणार होता. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं, तोच खाटेवरून आवाज आला.

"कोण रे तू?"

कृष्णाबाई उठून बसल्या होत्या. आवाज गंगम्माचाच, तापानं ओढलेला. "माझ्या घरात चपला घालून आलास? देव दिसत नाहीत समोर?"

मुनियप्पा थबकला. त्यानं कोनाड्याकडे पाहिलं, वर पाहिलं. वर छप्पर नव्हतं, नुसते दिवे होते. त्यानं चपला काढल्या. खुंटी मात्र हातातच होती.

"अम्मा," तो म्हणाला, "हा तुमचं मंगळसूत्र घेतोय. किती दिवस सांगतोय आम्ही, तुम्ही मागे बघतच नाही."

"मला ठाऊक आहे."

हे वाक्य उमाकांतनं लिहिलं नव्हतं. तो कानात प्राण आणून ऐकू लागला. पुढचं कन्नड त्याला अर्धंमुर्धंच कळलं. बाकीचं देवाप्पानं त्याला नंतर सांगितलं.

"पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," कृष्णाबाई सांगत होत्या. "दागिने डब्यात होते तेव्हा मला आई म्हणणारं कोणी नव्हतं. हा खोटं म्हणतो, पण म्हणतो तरी. माझ्या घरातल्या चोराचं काय करायचं ते मी बघेन. ती काठी खाली ठेव. ताप आहे मला, भांडायला लावू नकोस."

मुनियप्पानं देवाप्पाकडे पाहिलं. देवाप्पाचे डोळे वाहत होते आणि त्याला ते पुसायचंही सुचत नव्हतं. त्यानं मंगळसूत्र डब्यात ठेवलं आणि भिंतीला धरून खाली बसला. मुनियप्पानं खुंटी जमिनीवर ठेवली, कृष्णाबाईंना वाकून नमस्कार केला, चपला हातात घेतल्या आणि आला त्या वाटेनं निघून गेला. बाकीचे दोघे त्याच्यामागे गेले.

कृष्णाबाई देवाप्पाला म्हणाल्या, "पाणी दे मला. आणि तूही पी."

उमाकांतनं कॅमेरा बंद केला. गोष्टीतले पोलीस कापडी भिंतीआड गणवेश घालून तयार होते, ते तसेच राहिले. बाहेर टाळी वाजली नाही. लोक सावकाश उठून गेले, बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

कृष्णाबाईंना उठता येईना. उमाकांतनं हात दिला तेव्हा त्यांचा तळवा बर्फासारखा गार होता. "मला वाटलं, मारतोच आता तो पोराला," त्या म्हणाल्या. "काय बोलले ते मला आठवतसुद्धा नाही."

भगवंतराव घाम पुसत आत आले. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद होता. "दिल्लीचे साहेब फार खूश आहेत. विचारत होते, तो काठीवाला नट कुठून आणलात. मी म्हटलं, आमच्याकडचाच. पुढच्या महिन्यात म्हैसूरला प्रदर्शन आहे, तिथे अशीच गोष्ट पाहिजे. असाच दुष्ट माणूस पाहिजे."

उमाकांत बाहेर आला. देवाप्पा तंबूमागे केबलच्या रिळावर बसला होता. चेहऱ्यावरचा रंग पुसायचाही राहिला होता. उमाकांत त्याच्या शेजारी बसला.

"देवाप्पा, मी तुमचं ऐकायला हवं होतं. काल दगड आला म्हणालात तेव्हाच सगळं थांबवायला हवं होतं."

देवाप्पा म्हणाला, "म्हैसूरचं ऐकलं मी. फळ्यांतनं सगळं ऐकू येतं, सर."

"मी नाही म्हणून सांगतो त्यांना."

"सांगा, नाहीतर नका सांगू. पण आता लिहिलं तर एक करा." तो उमाकांतकडे वळला. "हा रघुपती चोरी का करतो, हे तुम्ही एकदा बी सांगितलं नाही. लोकांस्नी नाही, मला बी नाही. रोज मी हात घालतोय डब्यात आणि मलाच ठाऊक नाही कशासाठी. त्याला घर असंल, कोण तरी असंल. ते असतं तर त्या माणसानं काठी उचलली नसती, असं मला वाटतंय."

समोरचं मैदान रिकामं होत चाललं होतं. कुकरवाल्यानं स्टॉल आवरायला घेतला होता.

"तुम्हाला काय वाटतं?" उमाकांतनं विचारलं. "कोण असेल त्याच्या घरी?"

देवाप्पानं बाहीनं तोंड पुसलं. रंग गालभर पसरला. "बहीण असंल," तो विचार करत म्हणाला. "निपाणीकडं. थांबा, स्वल्प नीट सांगतो."