गृहशास्त्राचा तास

पोंभुर्ण्याजवळच्या एका शाळेत चंदाबाई गृहशास्त्र शिकवत. नववीचा वर्षभराचा अभ्यासक्रम त्यांनी मोठ्या हौसेने आखला होता. केक, विणकाम, बैठकीची सजावट. नागपूरला त्या स्वतः हेच शिकल्या होत्या. त्या तासाला मुली वर्गात बसत अन् मुलं मैदानावर जात. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नसे, बाईंनाही नाही.

माघात डिंपल शाळेत येईनाशी झाली. तिचा जुळा भाऊ मिथुन मात्र रोज येई. आठवडा उलटला तशा बाई तिच्या घरी गेल्या. आई वच्छला तेलंगणात मिरची तोडायला गेलेली, वडील तलावावर मासे धरायला. डिंपल चुलीपाशी होती. मांडीवर धाकटी सोनू, हगवणीने पार मलूल झालेली. पाणी दिलं की आणखी जुलाब होतील, म्हणून डिंपलने तिचं पाणीच तोडलं होतं!

 बाईंनी तातडीने सोनूला दवाखान्यात नेलं. वेळेवर उपचार मिळाले, पोर वाचली.

शाळा सुटताच मिथुनही दवाखान्यात आला. तिथल्या ओट्यावर बाईंनी त्याला विचारलं, "तू शाळेत येतोस, मग हीच का घरी?"

त्याने मान खाली घातली. "मले भात रांधता येत नाई, बाई. तुमच्या तासाले आमी बाहेर रायतो."

डिंपल हळूच म्हणाली, "मले केकची कृती पाठ हाये. पन सोनूले काय द्याव, थे मालूम नोयतं."

 दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलामुलींना एकत्र बसवलं अन् घरी कशाकशाची अडचण पडते ते विचारलं. ताप आलेलं पोर, किडलेले तांदूळ, आई नसताना स्वयंपाक. उत्तरं थांबेनात. त्यावरूनच नवा अभ्यासक्रम उभा राहिला.

पालकसभेत काही बाप्ये कुरकुरले, पोट्ट्यांनी काय चूल फुंकायची? तेव्हा मिरचीवरून परतलेली वच्छला उठली.

"उद्या माहा मिथुनबी मिरची तोडाले जाईन. तिथी त्याले कोन रांधून देईन? शिकवा त्याले, बाई."

तास एकत्रच चालू राहिला.

पुढच्या माघात वच्छला पुन्हा तेलंगणात गेली. घरी बहीणभाऊ आळीपाळीने रांधत, सोनूला अंगणवाडीत सोडत अन् दोघंही शाळेत येत. मिथुनचा भात अजून खाली लागतो, पण डिंपलचा एकही दिवस बुडला नाही.

मंडळी, शिकवणाऱ्याला काय येतं यापेक्षा शिकणाऱ्याला काय लागतं, हे आधी विचारावं. आणि घर सगळ्यांचं असेल, तर ते चालवण्याची विद्याही सगळ्यांचीच असायला हवी.