कांडी सरायच्या आत

मनगट मोडलेला माणूस इतका खूश असू शकतो, हे सुरतमधल्या लिंबायतच्या त्या गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. भिकन दुपारीच दवाखान्यातून घरी आला होता. खांद्यापाशी एक इंजेक्शन देऊन डॉक्टरबाईंनी त्याचा अख्खा हात बधिर केला, मनगटात धातूची पट्टी बसवली, आणि या पठ्ठ्याला काही म्हणता काही कळलं नाही.

"टोच! जोरमा टोच!" झोळीतल्या हाताची बोटं पुढे करून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत होता.

"खबरदार कोणी हात लावला तर!" चुलीपुढून त्याची बायको सरलाबाई कडाडली. बधिर हात जपायला डॉक्टरबाईंनी बजावलं होतं.

घरात नुसती धांदल होती. इतकी वर्षं श्रावणात कानबाई देवी बसायची ती खानदेशातल्या गावच्या घरी. यंदा पहिल्यांदाच ती सुरतला, भिकनच्या दोन खोल्यांत बसली होती. नथ घातलेली, हार ल्यालेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सरलाबाई तिला डोक्यावर घेऊन विसर्जनाला तापीवर निघणार आणि पुढे वाजंत्रीबरोबर भिकन चालणार, असं त्यानं साऱ्या कारखान्याला सांगून ठेवलं होतं. नेमका कानबाई बसायच्या आदल्या दिवशी तो यंत्रमागांमध्ये सांडलेल्या तेलावर घसरला.

नैवेद्य झाला, जेवणं झाली. सरलाबाईनं डॉक्टरबाईंनी दिलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या पुढे केल्या.

"दुखस नही ते गोळी कसाले?" भिकन हसला. "कानबाईनी मना हात धरी लिधा. आते गोळी खासू ते तिले काय वाटी?"

देवीचं नाव आल्यावर सरलाबाईनं पुढे केलेला हात मागे घेतला. तेवढ्यात शेजारचा हेमराज दारात आला. मागल्या वर्षी त्याच्या कोपराचं ऑपरेशन असंच बधिर करून झालं होतं.

"मीबी असाच हसना होतू, गोळी खादी नही, भाऊ," तो म्हणाला. "बधिरपण गयं आनि..." पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. त्याचं ओरडणं साऱ्या गल्लीनं ऐकलं होतं. पहाटेच रिक्षात घालून त्याला परत दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

भिकनचं हसू जरा उतरलं, पण हट्ट उतरेना. मग सरलाबाई त्याच्यासमोर फतकल मारून बसली.

"एक सांगा. धोटामझारली कांडी कवय बदलतस? सूत सरावर?"

भिकनला रागच आला. धोट्यातली सुताची कांडी कधी बदलायची, हे तीस वर्षं माग चालवणाऱ्याला विचारायचं? "सूत सरावर बदली ते कापडमा खोट नही पडाव? सराना आधीच बदलनी पडस!"

बोलून गेला आणि थांबला. सरलाबाईनं तळहातावरच्या गोळ्या पुढे धरल्या. हेमराज खो खो हसत सुटला. भिकननं गुमान गोळ्या गिळल्या, आणि झोपायच्या वेळच्याही कुरकुर न करता घेतल्या.

पहाटे बोटांत मुंग्या आल्या. भिकन ताडकन उठून बसला. आता कळ येणार, हेमराजसारखं ओरडणं आता सुरू होणार, म्हणून तो दात आवळून वाट पाहत राहिला. हात जड झाला, मनगटात ठणका उठला, वाढला, आणि दाराशी आलेल्या पाहुण्यासारखा तिथंच थांबला. दुखत होतं, पण सोसवेल इतकंच. त्याला खरंच वाटेना. जरा वेळानं पुढच्या गोळ्या त्यानं आपणहून मागितल्या.

बाहेर वाजंत्री सुरू झाली. सरलाबाईनं कानबाईचा पाट डोक्यावर घेतला आणि उंबरा ओलांडताना तिचा तोल किंचित गेला. भिकन सावरायला धावला. चांगला हात त्यानं पाटाला लावला, आणि झोळीबाहेर आलेली बोटं तिच्या बांगड्यांना लागली. बांगड्या गार होत्या. काल रात्री याच बोटांना कोणी चिमटा काढला असता तरी समजलं नसतं.

"दुखस का?" मान न हलवता तिनं विचारलं.

"दुखस!" भिकन आनंदानं ओरडला. "मना हात मना शे!"

आणि झोळी सांभाळत तो वाजंत्रीच्या पुढे जाऊन उभा राहिला.