हिवरखेडला न पोहोचलेली गाडी

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. जन्म जपानचा, पण मराठी शिकले दर्यापुरात, म्हणून बोलणं जरा फटकळ आहे.

माझ्यात एक नवल आहे. बटण दाबलं की माझी डावी खुर्ची दाराकडे वळते, बाहेर येते आणि हळूच खाली उतरते. जपानात माझ्या मालकीण आजी तिच्यावर बसत. त्या वारल्या आणि मी विकायला निघाले. नोकरीसाठी तिथे असलेल्या दर्यापूरच्या गजेंद्रनं मला पाहिलं, खुर्ची तीनदा फिरवली आणि तिथेच रडला.

त्याच्या आईचे, जमुनाबाईंचे, पाय सहा वर्षांपूर्वी गेले होते. तेव्हापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. "मी का कापसाचं बोचकं आहो, चार जणाईनं उचलाले?" असं त्या म्हणत.

मला आणताना गजेंद्रच्या नाकी नऊ आले. जहाज, बंदर, तपासणी, आणि मी फार जुनी नाही हे सिद्ध करणारे कागदांवर कागद. शेवटी एकदाची दर्यापूरला पोहोचले. त्याचे वडील सूर्यभानजी यांनी नारळ फोडला. मला हळदकुंकू लावलं, माझ्या जपानी माहितीपुस्तकालाही लावलं आणि ते देवाजवळच्या कपाटात ठेवून दिलं. रजा संपली तसा गजेंद्र परत गेला.

त्या वर्षी जमुनाबाई बाजारात गेल्या, लग्नांना गेल्या. कुणी हात लावायचा नाही, हातांच्या जोरावर त्या स्वतःच खुर्चीवर सरकायच्या आणि बटणही स्वतः दाबायच्या. माझ्यासारखी सुखी गाडी तालुक्यात नव्हती.

मग एका सकाळी हिवरखेडहून फोन आला. त्यांची धाकटी बहीण शकुन शेवटच्या घटका मोजत होती. "ताईले आणा," एवढंच म्हणत होती.

सूर्यभानजींना काही सुचेना. जमुनाबाई तयार होईपर्यंत त्यांनी पाइप घेतला. "चिखलाची गाडी सोयऱ्याच्या दारात नेऊ नये," म्हणत ट्रॅक्टर धुतात तसं मला धुतलं, दारं उघडून आतूनही. मी ओरडू शकत नाही हो. पाणी खुर्चीखालच्या मोटारीत शिरलं.

जमुनाबाईंनी बटण दाबलं. खुर्ची अर्धी बाहेर आली आणि थांबली. आत जाईना, खाली येईना, दार लागेना. सूर्यभानजींनी ती ओढली, ढकलली, शेवटी तिच्यापुढे हात जोडले. "जाय ना माय आत, आजच्या दिवस जाय."

तासभर गेला. मग जमुनाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "उचला मले."

चौघांनी त्यांना उचलून भाड्याच्या काळीपिवळी जीपमध्ये बसवलं. सगळी गल्ली पाहत होती. त्यांनी पदर तोंडावर घेतला होता. त्या पोहोचल्या तेव्हा शकुनला जाऊन अर्धा तास झाला होता.

चार दिवसांनी सूर्यभानजींनी कपाटातून पुस्तक काढलं. तिसऱ्याच पानावर चित्र होतं: खुर्ची, पाण्याचा पाइप आणि त्यावर लाल फुली. ते वाचायला जपानी लागत नव्हती. मित्रांनो, आम्हाला पुजा, हरकत नाही. पण आमचं पुस्तक आधी एकदा उघडून बघत जा.

दोन महिन्यांनी जपानहून खुर्चीची नवी मोटार आली. खुर्ची आता छान फिरते. सूर्यभानजी रोज ती कोरड्या फडक्यानं पुसतात, बाहेर काढतात आणि बायकोला हाक मारतात.

जमुनाबाई आतूनच विचारतात, "आता कोठी जाचं हाय मले?"