मास्तरांच्या पाठीमागची मीटिंग

मीटिंग हा प्रकार माणसाला छळण्यासाठीच कुणीतरी शोधून काढला असावा. पण मास्तरांच्या मीटिंगला लोक आवडीने जात. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी ही समिती उभी केली होती. काम साधं होतं. ज्याला जवळचं कुणी नाही अशा पेशंटपाशी इस्पितळात जाऊन बसायचं. कुणी कुणाच्या उशाशी बसायचं, त्या पाळ्या दर गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत ठरत. तिथला पंखा कुरकुरायचा, खुर्च्या जमेल तिथून गोळा केलेल्या. पण एकाचं बोलणं दुसरा तोडायचा नाही. गप्प बसणाऱ्याला मास्तर आधी बोलतं करायचे. दोघांचं वाजलं, तर दोघांनाही एकाच पेशंटकडे धाडायचे. आजाऱ्याच्या दोन बाजूंना बसून माणूस किती वेळ फुरंगटून राहणार!

शिलाईचं दुकान चालवणारी ताई त्यांच्याच हाताखाली तयार झाली. आधी चार माणसांत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. मास्तरांनी तिला उपाध्यक्ष केलं, तेव्हा तिला दोन रात्री झोप आली नव्हती.

मग मास्तर विसरायला लागले. आधी नावं, मग ठरलेल्या गोष्टी. एकदा त्यांनी चुकून एकाच पेशंटकडे दोघांना पाठवलं आणि दुसऱ्या वॉर्डातली म्हातारी ऑपरेशननंतर शुद्धीवर आली, तेव्हा तिच्या शेजारचं स्टूल रिकामं होतं. कळल्यावर ताई धावतपळत गेली. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. "कुणीतरी येणार म्हणाले होते," एवढंच ती बोलली. ती चिडली असती तर ताईला बरं वाटलं असतं.

आता मास्तरांना सांगायचं कुणी? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायला लागला. समितीतल्या नर्सबाईंनी आयुष्यभर लोकांना वाईट बातम्या दिलेल्या, पण त्यांनीही हात जोडले. शेवटी समितीतल्याच केमिस्टने शक्कल लढवली. खरी मीटिंग बुधवारी ताईच्या दुकानात घ्यायची आणि गुरुवारी मास्तरांपुढे नुसत्या माना डोलवायच्या. त्यांचंही मन राहील, पेशंटही एकटा पडणार नाही. सगळ्यांना ही युक्ती फार शहाणपणाची वाटली. चार भली माणसं एकत्र बसली की किती सहज एखाद्याचा अपमान करतात, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतात!

गुरुवारी मास्तर केमिस्टला एकच प्रश्न दोनदा विचारायचे. तोही दुसऱ्यांदा तितक्याच उत्साहाने उत्तर द्यायचा. ताई तेवढा वेळ जमिनीकडे बघत बसायची.

एका बुधवारी दुकानाचं दार ढकलून मास्तरच आत आले. "ताई, ही पँट कमरेत जरा आवळून दे गं. माझे कपडे मोठे व्हायला लागलेत हल्ली."

आत सगळी समिती बसली होती. ताई मशीनमागे, बाकीचे कापडाच्या गठ्ठ्यांवर. केमिस्टचं वाक्य अर्धवटच राहिलं.

"आज गुरुवार का?" मास्तरांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर सगळेच सुटले असते. केमिस्टने त्यासाठी तोंड उघडलंही होतं. ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही मास्तर. बुधवार आहे."

मास्तरांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. पँट मांडीवर घेऊन ते सावकाश बसले.

"बरेच दिवस चाललंय?"

"हो."

"माझं काय चुकलं?"

ताईने त्यांना म्हातारीचं सांगितलं. रिकामं स्टूल, भिंतीकडे वळवलेलं तोंड, सगळं. मास्तरांचे ओठ थरथरायला लागले.

"तिला मीच म्हटलं होतं ना, कुणीतरी येईल म्हणून?"

"हो."

"अगं, मग मला सांगायचं नाही? मी काय परका होतो?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, मास्तर."

"वाटलंच असतं. आत्ता काय बरं वाटतंय मला?"

ताईला रडू आवरेना. मास्तरांनी पँट बाजूला ठेवली. मग घसा खाकरून म्हणाले, "अध्यक्ष बदला. या ताईला करा. कुणाची हरकत?" आणि त्यांनी स्वतःच आधी हात वर केला. मागोमाग बाकीच्यांचे हात वर गेले. नर्सबाईंनी नाक पुसत चहा टाकला. कसं का होईना, एकदाचं झालं, असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताई वाचनालयात पोचली. मास्तर अध्यक्षांच्या खुर्चीत बसून चष्मा पुसत होते.

"ये गं. करायची सुरुवात?"

केमिस्ट तिच्या कानाशी पुटपुटला, "जाऊ दे ना. बुधवारचं आपलं चालू ठेवू." ताईलाही क्षणभर तेच हवंसं वाटलं. पण ती मास्तरांच्या शेजारी जाऊन बसली. "मास्तर, तुम्हाला एक सांगायचंय," म्हणाली, आणि म्हातारीपासून सगळं पुन्हा सांगितलं. मास्तरांचे ओठ पुन्हा थरथरले. "अगं, मग मला आधी नाही का सांगायचं?" ते म्हणाले. मग आपणहून उठले आणि तिला खुर्ची दिली.

आता ताई दर गुरुवारी सगळ्यांच्या आधी जाते. मास्तर त्या खुर्चीत असतात. ती सांगते, ते पहिल्यांदाच ऐकतात, आणि म्हातारीसाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. सांगून सांगून आपल्याला तरी सवय होईल, असं ताईला वाटलं होतं. ती काही होत नाही.