पाहुणीसाठी इस्त्री

लॉन्ड्रीत नर्सबायांचे पांढरे कोट इस्त्री करताना लेकीच्या मनात रोज एकच यायचं : या कोटातल्या बाया मोठ्या घरच्या आयांजवळ बसतात, आणि माझी आई घरात एकटी.

आईचं हृदय थकलेलं. न्हाणीपर्यंत जाताना दोनदा भिंतीला टेकायची. पगारी बाई ठेवायची ऐपत नव्हती, आणि मालक रजेचं नाव काढू देत नव्हता. सरकारी मदत कचेरीने दिवसा सोबतीला बाई दिली, तरच आईही सांभाळली जाणार होती आणि नोकरीही.

कचेरीतून पाहणीला एक बाई यायची होती. आता आईनेही उभा जन्म इस्त्रीच केलेली. चुरगळल्या कपड्यांत परक्यासमोर जाणं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं. लेक दूध आणायला गेली तेवढ्यात तिने आपले कपडे कडक इस्त्री केले, वेणी घातली, आणि दारही स्वतःच उघडलं.

"या, बसा. चहा ठेवते. मी ठणठणीत आहे हो, लेकच जिवाला घोर लावून घेते."

लेक परतली तेव्हा पाहुणी रिकामा कप खाली ठेवत होती. "आजी सगळं करतात की स्वतःचं!"

लेकीने परोपरीने सांगितलं.

"मी पाहिलं तेच लिहिणार ना, ताई?"

देव अंतरातलं जाणतो; कचेरीला डोळ्यांवरच भागवावं लागतं. पाहुणीची पाठ वळली आणि आई पलंगावर कोसळली. ओठ निळे.

"अगं, काय करून बसलीस!"

"मग काय, तिच्यासमोर लोळत पडू? तुझ्या बापाला तरी मी कधी चुरगळलेली दिसले का?"

"त्यांना चष्म्याशिवाय दिसत तरी काय होतं!"

दोघी खळखळून हसल्या. हसता हसता आईला धाप लागली. लेक किती तरी वेळ तिची पाठ चोळत राहिली.

मदत नाकारली गेली. लेकीने पुन्हा पाहणी मागितली आणि देवासमोर आईकडून शब्द घेतला : या खेपेला उठायचं नाही. तोवर कामावर जाणं भागच होतं. शेजारीण डोकावून जायची, पण तिच्याही मागे तिचा संसार.

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी लेक घरी आली, तर आई इस्त्रीच्या टेबलापाशी पडलेली. अंग गार. इस्त्री मात्र बंद करून नीट उभी ठेवलेली. टेबलावर लेकीचा कामावरचा सदरा, एक बाही तेवढी राहिलेली.

सकाळी ठरल्याप्रमाणे पाहुणी आली. आई पलंगावर, कडक इस्त्रीच्या कपड्यांत.

"आजी, झोपलात का?"

"आज नाही उठायची ती," लेक म्हणाली. "तसा शब्द दिलाय तिने मला."

पाहुणी उंबऱ्यातच थबकली. लेक सवयीने "बसा" म्हणाली, आणि आईची बाही सारखी करू लागली. बाहीवर एकही चुणी नव्हती.