अर्थिंगचा खड्डा

टिक्.

"थांब, थांब," अंकित म्हणाला आणि त्याने हेडफोन कानांवरून खेचला. "आली पुन्हा."

पौर्णिमाने कडवं अर्ध्यात सोडलं. जेवणं झाल्यापासून ती माइकसमोर उभी होती आणि नवरा दर दोन ओळींना तिला अडवत होता. "माह्या गळ्यात घड्याळ हाये का?" ती म्हणाली. "जमत नसंन त सांगून टाक रुपेशले."

सांगून टाक म्हणे! नाचणगावच्या जयंती मंडळापुढे छाती ठोकून आला होता ना अंकित. या वर्षी मिरवणुकीचं गाणं गावातच तयार होईल, माझ्या घरात, माझ्या बायकोच्या आवाजात, असं सगळ्यांना ऐकवून आला होता. मंडळाचा सचिव रुपेश तोंडावर हसला होता. आज संध्याकाळपर्यंत गाणं हातात आलं तर ठीक, नाहीतर आम्ही नागपूरच्या पार्टीचं लावतो, असं त्याने बजावलं होतं. गाणं हुकलं असतं तर पुढचं वर्षभर गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती, आणि दुपार तर कधीच कलली होती.

त्या टिक्‌साठी त्याने काय काय केलं नाही? आधी वाटलं, हेडफोनमधला ठेका बाहेर सांडतो आणि माइकमध्ये शिरतो. "हेडफोन कानाले दाबून लाव ना, भैताडासारखी काय उभी राह्यते!" असं म्हणून तो बायकोवर खेकसला. मग ठेकाच बंद केला, तरी टिक् चालूच. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. पंखा बंद केला. फ्रिज बंद केला, तेव्हा दूध नासेल म्हणून आईने त्याचा उद्धार केला. पौर्णिमाच्या बांगड्या उतरवल्या, माइकचा वायर बदलला. टिक् आपली एका चालीने सुरूच, ना गाण्याच्या तालात, ना कोणाच्या बापाच्या. त्यातही कॉम्प्युटरमधली ढोलकी, पेटी, बासरी अगदी स्वच्छ वाजत होती. घाण येत होती ती फक्त माइकवर गायलेल्या आवाजात.

"म्हंजे माह्यातच खोट हाये," पौर्णिमा म्हणाली.

"मी असं म्हणलं का?"

"दुपारपासून दुसरं काय म्हणून राह्यला तू?"

खरं म्हणजे ढोलकी कॉम्प्युटरमधून काढायची गरजच नव्हती. ढोलकीवर ज्याचा हात धरणारा पुलगावपर्यंत कोणी नव्हता, तो माणूस भिंतीपलीकडेच राहत होता. प्रेमदास, अंकितच्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे अंकितचे मोठे बाबा. पण वाटणी झाली आणि दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. अंकित पहिल्यांदा कीबोर्डवर ढोलकी वाजवायला बसला, तेव्हा बोट आधी पडायचं आणि थाप मागाहून उमटायची. पलीकडून मोठे बाबा खदखदून हसले होते. "डब्यातली ढोलकी! बटन दाबून कोणी ढोलकी वाजवते का बे?" अंकितने सेटिंगमध्ये जाऊन तो उशीर काढून टाकला, पण ते हसणं त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

शेवटी रागाच्या भरात त्याने लॅपटॉपचं चार्जर उपटलं, आणि टिक् गेली. साफ गेली! पण लॅपटॉपची बॅटरी मेलेली. अंकित हसतो न हसतो, तोच पडदा काळा झाला. तरी एक गोष्ट कळली. हे भूत विजेच्या वाटेने घरात येत होतं.

तो पक्कड घेऊन मागच्या अंगणात गेला. त्याच्या भिंतीला लागूनच मोठ्या बाबांचं वावर सुरू होत होतं आणि हरभऱ्याभोवती तारेचं कुंपण होतं. रानडुकरं नि रोही घुसू नयेत म्हणून त्यावर झटका मशीन बसवलेली. दर क्षणाला ती तारेत एक झटका सोडते, जनावर बिचकून पळतं, पण मरत नाही. मशीनवरचा लाल दिवा लुकलुकत होता. अंकितने तोंडाने टिक् टिक् करून पाहिलं. हुबेहूब तीच चाल.

मशीनचा हिरवा वायर जमिनीवरून सरपटत अंकितच्या स्वयंपाकघराच्या भिंतीशी आला होता, थेट अर्थिंगच्या खड्ड्यात. आता बोला! कोळसा नि मीठ भरलेला हा खड्डा आजोबांनी खोदला होता. वाटणीत विहीर वाटली, गोठा वाटला, चिंचेच्या झाडाचे वर्षाआड हक्क वाटले. तेवढा हा खड्डा कोणाच्या ध्यानात आला नाही. दोन्ही घरांचं अर्थिंग त्यातच राहिलं, आणि मशीनचा प्रत्येक झटका त्याच वाटेने अंकितच्या माइकपर्यंत पोचत होता. मशीनचं अर्थिंग घरापासून लांब, वेगळं करायचं असतं, हे कोणताही मिस्त्री सांगेल. पण बापाचा आयता खड्डा असताना मोठे बाबा कशाला दुसरा खोदतात?

मोठे बाबा मेरेवर उभेच होते. अंकितने राग गिळून विचारलं, "मोठे बाबा, जरासक मशीन बंद ठेवता का? माह्या रेकॉर्डिंगमधे आवाज येऊन राह्यला."

"काऊन? चना तुह्या बापाचा हाये का?"

"मंग वायर दुसरीकडे लावा. खड्डा आमच्या भिंतीत हाये."

"खड्डा माह्या बापानं खोदला."

"माह्या आज्यानं खोदला!"

"चालता हो इथून. काल डुकरायनं अर्धा चना नांगरला, तवा आलता का हाकलाले? तुही डब्यातली बासरी घेऊन?" मोठ्या बाबांनी तोंडातला खर्रा पचकन थुंकला, तो नेमका अंकितच्या पायाशी पडला.

ते घरात वळेपर्यंत अंकित थांबला. मग खाली बसला, पकडीने आटा ढिला केला आणि हिरवा वायर खड्ड्यातून उपटून गवतात फेकून दिला.

आत आल्यावर त्याने पौर्णिमाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यायले सांगून त दे, वायर काढला म्हून."

"गाणं झालं का लावून देतो. तू गा."

ती गायली. आणि काय गायली! चिडलेली होती म्हणून असेल, पण आवाजाला अशी धार कधी नव्हती. एकेक कडवं स्वच्छ उतरत गेलं. मधल्या थांब्यात मागून मोठ्या बाबांची आरडाओरड ऐकू आली. ओलं गवत तारेला लावून करंट तपासायची त्यांची सवय, आणि आज अर्थिंगविना तार मुकी होती. "मशीन जळली वाटते! आज रात्री येऊ दे डुकरायले, दाखवतोच!" ते एकटेच ओरडत होते. अंकितला बरं वाटलं, चांगलंच बरं वाटलं. तडफडू दे म्हाताऱ्याला, म्हणत त्याने हेडफोन कानांवर चढवला आणि शेवटचं कडवं लावलं.

पौर्णिमा दुसऱ्या ओळीवर होती, तेव्हा ते सुरू झालं. टिक् नव्हती ती. भुंग्यासारखी, जाड, सलग घूं.

"आता हे काय?" अंकितने कपाळावर हात मारला. त्याने चार्जर हलवून पाहिलं, माइकचा वायर दाबला, माइक भिंतीपासून दूर नेला, तर घूं कमी झाली. भिंतीजवळ आणला, तर वाढली. म्हणजे ती पलीकडच्या तारेतून येत होती. पण मशीनचा वायर तर त्याने स्वतःच्या हाताने काढला होता! आणि मशीन असेल तर मारते, थांबते, मारते, थांबते. हे थांबत नव्हतं.

पंपाच्या पेटीतला घरचा करंट सरळ तारेत सोडला, तर असाच वाजणार होता. डुक्कर काय, बैल जागेवर आडवा होईल असा करंट. मोठ्या बाबांनी डायरेक्ट टाकला होता.

"आई कुठी हाये?" त्याने विचारलं.

पौर्णिमाला आता सांगावंच लागलं. ही गोष्ट त्याच्यापासून लपवलेली होती. "मागं गेल्या," ती म्हणाली. "मोठ्या आईले वाटी द्याले. रोजच जातात."

बाप्यांचं बोलणं तुटलं होतं, जावा-जावांचं नाही. दिवेलागणीच्या आधी अंकितची आई सुलोचनाबाई आणि मोठ्या बाबांची बायको, मोठी आई, त्या खड्ड्यापाशी भेटायच्या, आणि तारेवरून वाट्या इकडच्या तिकडे व्हायच्या. कधी हाताला झटका बसायचा. दोघी हसायच्या, कारण मशीनच्या झटक्याने मेलंय कोण?

अंकित हेडफोनसकट उठला, वायर ताणला गेला, कॉम्प्युटर हलला. तो मागच्या दारातून धावला. आई खड्ड्याच्या कडेला, ओल्या मातीत, अनवाणी उभी होती. हातात स्टीलची वाटी. तारेपलीकडे मोठी आई पदर सावरत येत होती.

"आई! हात लावू नको!"

सुलोचनाबाई दचकल्या. चोरी पकडली गेली, एवढंच त्यांना कळलं. पोरगा वाटीवरून तमाशा करणार, त्याच्या आत ती पोचवून टाकावी म्हणून त्या घाईने पुढे झुकल्या. "घे वो बाई लवकर," त्या जावेला म्हणाल्या, "हा आला पाह्य बोंबलत."

अंकितने मागून आईच्या लुगड्याला हात घातला आणि तिला ओढलं. दोघंही खाली आदळले. वाटी हातातून सुटली, सगळ्यात खालच्या तारेवर पडली आणि ओल्या मातीला टेकली. फाट्‌कन निळा जाळ उठला. वाटी तारेला चिकटली, काळी पडली, आणि वांग्याची भाजी करपल्याचा वास सुटला.

मोठी आई जागच्या जागी थिजली. मग तिने जो हंबरडा फोडला, तो ऐकून प्रेमदास काठी घेऊन आले. त्यांनी वाटी पाहिली, भावजयीचे अनवाणी पाय पाहिले, आणि काठी टाकून पंपाच्या पेटीकडे पळाले. करंट बंद करून ते परत आले. तेवढ्यात त्यांना गवतात पडलेला हिरवा वायर दिसला.

"हा कोणी काढला?"

"मी," अंकित म्हणाला.

"हरामखोरा! तू वायर काढला म्हून मी डायरेक्ट टाकला!"

"अन् मी मशीन बंद करा म्हणलं तवा? थुंकले ना पायावर! डायरेक्ट टाकाले लाज नाई वाटली?"

"माह्या वावरात मी काहीई टाकीन!"

"माही माय मेली असती!"

दोघंही तारेच्या दोन बाजूंना छाती काढून उभे. सुलोचनाबाई अजून मातीतच बसल्या होत्या, कोपर सोललेलं. त्या ओरडल्या नाहीत. "मी मेली असती ना," त्या म्हणाल्या, "तरी माह्या पुण्यानुमोदनाले तुमी हेच भांडत बसले असते, वायर कोणाचा अन् खड्डा कोणाचा."



"लाव तो वायर," त्या पोराला म्हणाल्या.

अंकितने पक्कड आणली. हिरवा वायर खड्ड्यात बसवला, आटा कसला, वरून तांब्याभर पाणी ओतलं. पलीकडे मोठ्या बाबांनी डायरेक्टचे वायर काढले आणि मशीन जोडली. लाल दिवा लुकलुकायला लागला. जाता जाता ते म्हणाले, "तुह्यं गाणं आता मसणात गेलं, पाह्य," आणि दार आपटून आत गेले.

रुपेश पेन ड्राइव्ह घेऊन आला तेव्हा अंकितने शेवटचं कडवं नुकतंच पुन्हा घेतलं होतं. रुपेशने हेडफोन लावून पूर्ण गाणं ऐकलं. "वहिनीचा आवाज एक नंबर हाये," तो म्हणाला. "पण शेवटी हे टिक् टिक् काय होय? काढून टाक ना."

"निंगत नाई ते."

"मंग जिथून येऊन राह्यलं ते बंद कर, अन् कडवं पुन्हा घे. मी थांबतो."

पौर्णिमा अंकितकडे पाहत होती. "मोठ्या बाबाले विचारून पाह्यतो का?" तिने हळूच विचारलं.

"त्यायले? मेलो तरी नाई."

"मंग थोड्या वेळासाठी वायर..." ती बोलता बोलता थांबली. आतल्या खोलीत सुलोचनाबाई कोपराला हळद लावत होत्या.

"न्याचं त असंच ने," अंकित रुपेशला म्हणाला. "नसंन न्याचं त चालाले लाग."

"लय माज आला बावा तुले," रुपेश म्हणाला. "मंडळ नाई घेणार असं. आमी नागपूरचंच लावतो." आणि तो गेला. गावभर काय काय सांगत फिरेल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पौर्णिमा खाली बसली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते नवऱ्याला दिसू नयेत म्हणून तिने तोंड भिंतीकडे केलं. दिवसभर गाऊन तिचा आवाज बसला होता आणि ते गाणं आता कोणी ऐकणार नव्हतं. अंकितने कॉम्प्युटर बंद केला नाही. माइक तसाच चालू ठेवून हेडफोन एका कानाला लावला आणि तो बसून राहिला.

"आता काय ऐकून राह्यला?" तिने विचारलं.

त्याने हेडफोनची एक बाजू तिच्या कानाशी धरली. मशीन चालू होती. टिक् थांबून घूं सुरू झाली, की त्याला पुन्हा धावायचं होतं.